गोदाबाईंचा ठिपका

आमच्या घरात रंग तीनच होते. पांढरा, राखाडी आणि जास्त राखाडी. काळ्याला आम्ही रंगात धरत नव्हतो, कारण तो अक्षरांचा. साडीच्या दुकानात गेले तरी माझ्या डोक्यात पहिला विचार हाच यायचा, की ही काळ्या-पांढऱ्यात छापली तर काठ आणि पदर वेगळे दिसतील का. आमचे हे बाजूला उभं राहून म्हणायचे, "साडी घ्यायला आलीस की छपाईची प्लेट करायला?"

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सोलापुरात साखर पेठेच्या अंगाला आमचं दुकान होतं. पुढच्या खोलीत मी आणि माझा संगणक, मागच्या खोलीत हे आणि त्यांचं एकरंगी ऑफसेट मशीन. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल ही कामं त्यांची. माझ्याकडे यायचे ते पीएच.डी.वाले. त्यांचे प्रबंध टाइप करायचे, तक्ते बसवायचे आणि ग्राफ काढून द्यायचे. माझी ख्याती बार्शी-कुर्डुवाडीपर्यंत गेली होती. ख्याती म्हणजे काय, तर एसटी स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला "ग्राफवाल्या मॅडम" म्हटलं की तो आणून सोडायचा.

सगळ्या ग्राफांत बॉक्सप्लॉट माझा लाडका. नाव ऐकून घाबरू नका, तो अगदी गरीब स्वभावाचा आहे. समजा, गल्लीतल्या सगळ्या बायांना उंचीप्रमाणे ओळीनं उभं केलं. बरोबर मध्ये जी येईल तिच्या नावाची एक जाड रेघ ओढायची. तिच्या आजूबाजूच्या निम्म्या बाया एका पेटीत घालायच्या. उरलेल्यांसाठी पेटीच्या वर एक काडी आणि खाली एक काडी. आणि एखादी बाई इतकी उंच निघाली की काडीतसुद्धा मावेना, तर तिच्यासाठी वेगळा, सुटा ठिपका. झाला बॉक्सप्लॉट. मग अशा दोन-तीन पेट्या शेजारी शेजारी मांडल्या, या गल्लीच्या तीन, त्या गल्लीच्या तीन, की त्याला ग्रुप केलेला बॉक्सप्लॉट म्हणतात. सॉफ्टवेअरला चार ओळी लिहून दिल्या की ते क्षणात काढून देतं. तिथं माझं काम संपत नाही, सुरू होतं.

कारण सॉफ्टवेअर काढतं ते रंगीत. लाल, हिरवं, निळं, बघत बसावं असं. आणि प्रबंध, जर्नल, पुस्तिका हे सगळं त्या काळी काळ्या-पांढऱ्यात छापायचं. लाल आणि हिरवा एकदा राखाडी झाले की दोघांत फरक राहत नाही. कुठली पेटी कुठल्या गटाची हेच कळेना झालं तर त्या बिचाऱ्या संशोधकानं चार वर्षं उन्हातान्हात हिंडून केलं काय?

राखाडी शाई अशी वस्तू नसते, हेही मला लग्नानंतरच कळलं. शाई काळीच. तिचे बारीक बारीक टिंब विरळ पाडले की डोळ्याला फिकट दिसतं, दाट पाडले की गडद. पण कागद शाई पितो, आणि स्वस्त कागद जरा जास्तच पितो. पडद्यावर मला जे अर्धं काळं दिसायचं ते कागदावर पाऊण काळं होऊन बाहेर यायचं. मी हौसेनं पाच छटा निवडून द्यायची आणि हे शाईचा हात पुसत बाहेर येऊन म्हणायचे, "यातल्या तिघी सख्ख्या बहिणी आहेत. बाहेरच्याला ओळखू येणार नाहीत. दोघींना सासरी पाठव."

भांडत भांडत आमचं ठरलं. एक पेटी कोरी पांढरी. एक इतकी फिकट, की पडद्यावर आहे का नाही असं वाटावं. आणि एक गडद. गडद पेटीतली मधली रेघ काळी ठेवली तर ती बुडून जाते, म्हणून तिथं पांढरी रेघ. ही पांढऱ्या रेघेची युक्ती माझी. यांनी ती माझी आहे हे कधी तोंडानं कबूल केलं नाही, पण पाहुणे आले की आवर्जून दाखवायचे. पेट्यांच्या कडा केसासारख्या बारीक ठेवायच्या नाहीत, प्लेटवर तुटतात, हे त्यांचं. पेट्यांत तिरप्या-उभ्या रेघा भरायचीसुद्धा सोय असते. ती मी एकदाच वापरली. हे म्हणाले, "ही चादर आहे. चादरी विणणारे गावात पुष्कळ आहेत, आपण ग्राफ काढू." तेव्हापासून रेघा बंद.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एका गाइडसरांनी मला बजावलं होतं, की काळ्या-पांढऱ्यात छापलं तरी मूळ फाइल रंगीतच पाहिजे, म्हणजे "छपाईत थोडा तरी रंग उतरतो." मी हो म्हटलं. मोठ्या माणसाशी वाद घालायचा नाही, ही माझ्या अक्कलकोटच्या माहेरची शिकवण, आणि ती मी फक्त गिऱ्हाइकांपुरती पाळली. दुसरा एक ज्वारीवर काम करणारा. त्याच्या ग्राफात चार-पाच सुटे ठिपके आले तर म्हणाला, "मॅडम, तेवढे डास मारा की. लई घाण दिसतंय." मी म्हटलं, बाबा, ते डास नाहीत, ती तुझ्याच रानातली ज्वारीची ताटं आहेत, तूच मोजलीस. तर म्हणतो, "मोजली व्हय, पन ती चुकार ताटं हायती, बाकीच्यांसारखी न्हाईत." त्याला चहा पाजून परत पाठवला आणि ठिपके ठेवले.

आता यांच्या बाजूचं एक सांगते, त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. माझ्याकडून ट्रेसिंगच्या कागदावर पान जायचं, त्यावरून हे प्लेट, म्हणजे छपाईचा पातळ पत्रा, करायचे. आमच्या गावच्या हवेत सूत उडतं. मागांच्या गल्ल्या जवळ, कापसाचे बारीक तंतू कुठूनही येऊन बसतात, आणि प्रिंटरची काळी पूडही उडते. ट्रेसिंगवर जे बसलं ते प्लेटवर येतं आणि प्लेटवर आलं ते प्रत्येक कागदावर छापलं जातं. म्हणून मशीन चालू करण्यापूर्वी प्लेटवरचा प्रत्येक नको तो डाग एका औषधाच्या पेननं पुसायचा असतो. बरेच छापखानेवाले मोठे डाग पुसतात आणि बारके सोडून देतात. आमचे हे सोडत नसत. खिडकीच्या उजेडात प्लेट तिरकी धरायची, चष्मा कपाळावर, नाक प्लेटला टेकलेलं. त्यांच्या पानावर माशी बसल्याएवढा डाग कुणी दाखवावा. आयुष्यभराची त्यांची शान तीच होती, आणि मी ती चेष्टेवारी नेली तरी मला तिचा अभिमान होता.

माझ्या पीएच.डी.वाल्यांतल्या मेहजबीन मॅडम एका कॉलेजात शिकवायच्या. घरात उर्दू, वडील ट्रान्सपोर्टमध्ये, पण मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. बिचकल्या की तेवढ्या दखनीत शिरायच्या. यंत्रमाग कारखान्यांतल्या कामगारांना ऐकू किती येतं, हा त्यांचा विषय. मागांचा खडखडाट ज्यानं ऐकलाय त्याला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी कारखान्यांची तीन खाती घेतली होती. माग, वाइंडिंग म्हणजे सूत रिळावर गुंडाळायचं काम, आणि शिलाई-घडी. प्रत्येक खात्यात तीन पेट्या, नवी माणसं पांढऱ्या पेटीत, मधली फिकट पेटीत, जुनी गडद पेटीत. जितकी वर्षं जास्त तितका रंग गडद. पेटी जितकी वर, तितकं ऐकणं कमी. मागांवरच्या पेट्या जिन्यासारख्या वर चढत गेल्या होत्या. वाइंडिंगच्या पेट्या खाली, शांत बसलेल्या. आणि त्या वाइंडिंगच्या गडद पेटीच्या किती तरी वर, मोकळ्या पांढऱ्या जागेत, एकच काळा ठिपका.

त्या सगळ्या ग्राफात सुटा असा तेवढा एकच होता. तो म्हणजे गोदाबाई.

प्रबंध झाला, पदवी मिळाली. पण मेहजबीन मॅडमनी तपासणीच्या वेळी कामगारांना शब्द दिला होता, की जे निघेल ते तुमच्या भाषेत छापून तुमच्या हातात देईन. त्यासाठी पुस्तिका काढायची होती. तिच्यातला हा ग्राफ पाहायला त्या एका दुपारी गोदाबाईंनाच घेऊन आमच्या दुकानात आल्या. गोदाबाई मूळच्या केम गावच्या, लग्न होऊन सोलापुरात आल्या त्या थेट कारखान्यात. ऐकू येत नसल्यामुळे बोलणं मात्र खणखणीत, समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलायच्या. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

"ह्यो ठिपका म्हंजी मी?"

मी मान डोलावली.

"आन बाकीच्या कुटं हायती?"

मेहजबीन मॅडमनी खालच्या पेटीवर हात फिरवला आणि सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं, की वाइंडिंगच्या बाकीच्या बायांना बऱ्यापैकी ऐकू येतं, तुमचं एकटीचं फार गेलंय. त्याचं कारणही त्यांनी शोधून काढलं होतं. गोदाबाईंच्या कारखान्यात जागा नव्हती म्हणून वाइंडिंगचं मशीन मागांच्या मधोमध ठेवलेलं. खातं वाइंडिंगचं, पण बाई उभी मागांच्या तोंडाशी.

गोदाबाईंनी त्या ठिपक्यावर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ह्ये छापून येनार ना? मग आमच्या सुनेला, सवितेला दावाय पायजे. ती म्हनती, आत्याबाई सोंग करत्यात. काम सांगितलं की ऐकू येत न्हाय आन ताटात वाढलं की बरूबर कळतंय. वाइंडिंगवाल्या बाकीच्या बाया धडधाकट हायती म्हनती, हिलाच काय झालं? मुलगा पन काय बोलत न्हाय. घरात कोन माझ्याशी बोलतच न्हाय आता. तुमच्या कागदावर आलं म्हंजी तरी खरं वाटल."

मागच्या खोलीत यांचं मशीन धडधडत होतं. त्यांना यातलं अक्षर ऐकू गेलं नाही.

पुस्तिका छापून झाली, पान न पान धुतल्या तांदळासारखं. कामगारांच्या एका सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. मेहजबीन मॅडमनी आम्हा दोघांनाही बोलावलं. हे तिकडे पुस्तिकांचे गठ्ठे सोडायला गेले ते इस्त्रीचा शर्ट घालूनच. गोदाबाई सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या ओळीत बसल्या होत्या, शेजारी सून सविता. सविता तोंड फुगवून आली होती, पण आली होती. सासूनं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की माझा ठिपका छापून येनार हाय.

भाषणं झाली, पुस्तिका वाटल्या. गोदाबाईंनी पान शोधायला वेळ लावला नाही, त्यांना ग्राफाचं तोंड ओळखीचं झालं होतं. बोट वाइंडिंगवर ठेवलं आणि वर नेलं. आणखी वर नेलं. कागद डोळ्यांजवळ आणला, उजेडाकडे धरला, शेजारणीची पुस्तिका ओढून तिच्यातलं पान पाहिलं. मग त्या उठल्या आणि भर सभेत, त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाई, मी कुटं हाय?"

मेहजबीन मॅडमनी पान पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या. "ठिपका किधर गया, विजयाताई?"

सविता म्हणाली, "बगा, म्या काय म्हनत हुते? कागदावर पन न्हाय. सगळ्या बायांसारखीच हाय ही. उगं आमाला घुमवती." गोदाबाईंना शब्द ऐकू आले नसतील, पण सुनेचे ओठ त्यांना पाठ होते. त्या खाली बसल्या. पुस्तिका मांडीवर उपडी ठेवली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

हे गठ्ठ्यांपाशी उभे होते. मी पुस्तिका त्यांच्यापुढं धरली आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. खिडकीत धरलेली ती प्लेट त्यांना आठवली असणार. एवढ्या मोकळ्या पांढऱ्या जागेत एकुलता एक काळा डाग, कुठला चांगला छापखानेवाला ठेवील तो? त्यांनी तो काळजीनं, निगुतीनं पुसला होता. आळशी माणूस असता तर गोदाबाई वाचल्या असत्या.

"तो डाग म्हणजे बाईमाणूस होती?" त्यांनी मला विचारलं.

"होती."

ते गोदाबाईंपुढं जाऊन खाली फरशीवर बसले. भर सभेत. मशीनवाल्या माणसाला चारचौघांत बोलायला कधी जमत नव्हतं, आणि बोलून तरी काय उपयोग होता. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. गोदाबाईंना वाटलं, हा आपल्या कानांचं विचारतोय. त्यांनी आपल्या कानांना हात लावून नाही अशी खूण केली. यांनी तसं नाही अशी मान हलवली, पुन्हा आपले कान धरले, मग बोटानं पुसल्याची खूण केली, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तेव्हा त्या बाईला उमगलं.

"पुसलास व्हय मला?"

यांनी मान खाली घातली. माझ्या संसारात मी त्यांना कुणापुढं मान खाली घालताना तेवढंच पाहिलं. बँकेच्या साहेबापुढंही घातली नव्हती.

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी पर्समधलं काळं पेन दिलं. ते टोक टेकवणार तेवढ्यात मी हात धरला. अंदाजानं ठिपका देऊन कसं चालेल? ते माप होतं, सजावट नव्हती. मेहजबीन मॅडमच्या फायलीत माझ्या संगणकावरचा मूळ कागद होता. कार्यक्रमाच्या पत्रिकेचा जाड कागद आम्ही त्यावर ठेवला, कडा जुळवल्या आणि साडीच्या पिनेनं नेमकं त्या जागी भोक पाडून मोठं केलं. तो साचा गोदाबाईंच्या पुस्तिकेवर ठेवला आणि यांनी पेन टेकवून ठिपका दिला. गोदाबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "मोटा काढ की. लांबनं दिसल आसा."

"ठिपके सगळे सारख्याच मापाचे असतात हो," मी सवयीनं म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलंच नाही. आणि यांनीही पाहिलं नाही. पेन गोल फिरवून ठिपका चांगला टपोरा केला.

मग गोदाबाईंनी पुस्तिका सवितापुढं धरली. मेहजबीन मॅडमनी तिचं बोट हातात घेतलं, खालच्या गडद पेटीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "या बाकीच्या वाइंडिंगवाल्या. यांना ऐकू येतं." ते बोट उचलून पार वर ठिपक्यावर नेलं. "या तुमच्या सासूबाई. आणि हे बघा, मागावरची जुनी माणसं, त्यांच्या ओळीत आहेत त्या." सवितानं ते बोट आपणच पुन्हा एकदा खालून वर फिरवून पाहिलं. मग विचारलं, "एवढं कमी? मग भांडं पडल्यालं पन कळत नसंल."

"नाही कळत."

ती सासूकडे वळली. नेहमी पाठीमागून हाका मारणारी पोरगी, समोर येऊन वाकली, तोंडापुढं तोंड आणलं आणि हळू, प्रत्येक अक्षर सुटं करत म्हणाली, "आत्याबाई, च्या घ्येनार का?" गोदाबाई म्हणाल्या, "साकर जास्त घालाय सांग."

वाटलेल्या सगळ्या पुस्तिका परत मागवल्या. बाया ओळ करून आणून देत होत्या, मी साचा जुळवत होते आणि हे ठिपका देत होते. मी म्हटलं, अर्ध्या मी करते. तर म्हणाले, "पुसताना तू होतीस का? मग." एकही दुसऱ्याला करू दिली नाही. गठ्ठ्यांतल्यासुद्धा सगळ्या त्यांनीच केल्या, खालची सतरंजी गुंडाळायला माणसं येऊन उभी राहिली तरी मान वर केली नाही. घरी जाताना स्कूटरवर मला म्हणाले, "ठिपका पोकळ काढायचा होतास. डाग कधी पोकळ नसतो." मी म्हटलं, बारका पोकळ ठिपका शाईनं भरतो हे तुम्हीच शिकवलंत. त्यानंतर माझ्या ग्राफात सुटा ठिपका असला की मी ट्रेसिंगच्या कडेला लाल पेन्सिलीनं लिहायला लागले, ‘इथं माणूस आहे.’ ज्वारीचं ताट असलं तरी तेच लिहायची.

मग काळ बदलला, तो सगळ्यांचाच बदलला. जर्नलं कागदावरून पडद्यावर गेली. पडद्यावर रंगाला वेगळे पैसे पडत नाहीत. पोरं घरी बसून स्वतःच ग्राफ काढायला लागली, आणि छान काढतात, उगाच नावं कशाला ठेवू. लग्नपत्रिका फोनवर आल्या. यांचं मशीन भंगारवाला घेऊन गेला तेव्हा हे घरात थांबले नाहीत, सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसले. परत आल्यावर जेवताना शेंगाचटणी तेवढी पुन्हा मागून घेतली. पुढं दोन-तीन वर्षांत तेही गेले. साधंच दुखणं होतं, या वयात बऱ्याच जणांना होतं ते.

मी अजून थोडं काम करते. ओळखीचे लोक फाइल पाठवतात. मी सवयीनं राखाडी छटा निवडते आणि पलीकडून निरोप येतो, "मॅडम, कलर टाका की, आता फुकट आहे." टाकते. पण त्याआधी मान मागच्या खोलीकडे वळते. हे गडद जरा जास्त झालंय का, कागद पिईल का, असं विचारायला तोंड उघडतं. मागच्या खोलीत आता धुण्याचं मशीन आहे. लोक म्हणतात, मशीनच्या आवाजातून सुटलात. खरं सांगू का, दुपारी त्या शांततेत मला बसवत नाही. मला ते भांडण पाहिजे. पाचातल्या तिघी सख्ख्या बहिणी आहेत, असं कुणी तरी मला पुन्हा म्हणायला पाहिजे. इतक्या वर्षांत मी हजारो माणसांना पेट्यांत घातलं, त्यांच्या रेघा ओढल्या, आणि या एका माणसाचं कागदावर काही म्हणजे काही राहिलं नाही. छापखानेवाल्याचं नाव पुस्तकाच्या मागच्या पानावर तळाला बारीक अक्षरात असतं, आणि ते कुणी वाचत नाही. त्यांच्या हातचा एक कागदसुद्धा माझ्याकडे नव्हता. दुकान बंद करताना रद्दीत सगळं गेलं.

ते गेल्याचं गोदाबाईंना उशिरा कळलं. त्या आता केमला भावाच्या वस्तीजवळ राहायला गेल्यात, मुलगा-सून पण तिकडंच. एका सकाळच्या गाडीनं त्या आणि सविता आल्या. पिशवीत ज्वारीचं पीठ, थोड्या शेंगा आणि ती पुस्तिका. गोदाबाईंना आता अजिबातच ऐकू येत नाही. सविता त्यांच्यासमोर बसून, ओठ हलवून सगळं सांगत होती, मी काय म्हणते ते, मी कशी आहे ते. मी रडत नव्हते. माणसं येऊन गेली होती, रडून झालं होतं.

गोदाबाईंनी पुस्तिका काढली. कोपरे मऊ झालेले, त्या पानाला घडी पडून पडून ते आपोआप उघडत होतं. त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुजा मानूस ह्येच्यात कुटं हाय, दाव."

मी मान हलवून सांगितलं, यात नाही ते. ते कामगार नव्हते, तपासणीत नव्हते. त्यांनी फक्त छापलं.

"आसं कसं," गोदाबाई म्हणाल्या. माझं बोट धरलं आणि वाइंडिंगच्या पेटीवरून उचलून वर नेलं, त्या टपोऱ्या ठिपक्यावर ठेवलं. पेन जरा जोरात टेकवलेलं होतं. बोटाला कागद तिथं खोलगट लागला.

"ह्यो छापल्याला न्हाय. ह्यो त्येच्या हातचा हाय."

मी बोट काढलं नाही. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही, आणि सविता उठून पाणी आणायला आत गेली.

"ठेव तुज्याकडं," गोदाबाई म्हणाल्या. "मला आता कुनाला दावायचं न्हाय. माजं सगळ्यांना खरं वाटतंय."

कुणी काही दिलं तर एक-दोनदा नको म्हणायची आपली रीत आहे, आणि मी ती आयुष्यभर पाळली. त्या दिवशी मी नको म्हणाले नाही.